अर्ध्या शब्दांचं तळघर

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर टेबलावर बुटाच्या खोक्याएवढं एक खोकं आहे आणि त्यात चिठ्ठ्या ठासून भरल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर कुठल्यातरी वर्तमानपत्रातलं, पुस्तकातलं, नाहीतर साबणाच्या वेष्टनावरचं एक वाक्य टाइप केलंय आणि त्यातल्या एकाच शब्दाखाली लाल रेघ आहे. सगळे शब्द 'सेमी'ने सुरू होणारे. सेमी म्हणजे अर्धं, किंवा अर्धवट. तुमचं काम साधं आहे. चिठ्ठी उचलायची, वाक्य वाचायचं आणि ठरवायचं, की या शब्दाला शब्दकोशात अर्थ द्यायचा, की वाचणाऱ्याला तो आपोआप कळेल म्हणून नुसतं नाव नोंदवून सोडून द्यायचं.

सेमीकोलन घ्या. तो काही अर्धा कोलन नव्हे, उलट थोडा जास्तच आहे. त्याला अर्थ द्यावाच लागतो. सेमीवीकली घ्या. आठवड्यातून दोनदा, पण निम्मे लोक दोन आठवड्यांतून एकदा असं धरून चालतात, म्हणून त्यालाही अर्थ. पण सेमी-रिकामा? सेमी-शहरी? सेमी-गंभीर? अर्धं म्हणजे काय ते माहीत आहे, गंभीर म्हणजे काय तेही माहीत आहे. मग कशाला जागा वाया घालवायची? असे शब्द पानाच्या तळाशी बारीक टाइपात, रकाने करून एकाखाली एक लावायचे. ना अर्थ, ना उच्चार.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही हे नेटाने कराल. नंतर मान अवघडेल, डोळे जड होतील आणि हातात येईल तो शब्द अगदी उघड वाटायला लागेल. नेमकं तेव्हाच जपायचं असतं. कारण शब्द तोच असतो, दमलेले तुम्ही असता.

विनी पेल्की हे काम सव्वीस वर्षं करत होती.

मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑर्कट फॉल्स म्हणून गाव आहे. तिथे बंद पडलेल्या कागदगिरणीच्या वरच्या अंगाला विटांची एक दुमजली इमारत आहे. त्या इमारतीत इंग्रजीचा शब्दकोश तयार व्हायचा. दर दहा-बारा वर्षांनी नवी आवृत्ती निघायची आणि प्रत्येक आवृत्तीला कोशातले लोक 'ए'पासून पुन्हा सुरुवात करायचे. ए-बीला सगळे ताजेतवाने असतात. एमपर्यंत चष्म्याचे नंबर वाढतात. आणि मग 'एस' येतं. इंग्रजीत एसएवढं लांबलचक अक्षर दुसरं नाही. एस लागलं की ऑफिसात कुणी हसत नाही, कुणाचा वाढदिवस साजरा होत नाही, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं राहून जातं. ज्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे, तो एसचा हिवाळा होता.

या ऑफिसात मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काही सांगायचं झालं तरी चिठ्ठीवर लिहून त्याच्या ट्रेमध्ये ठेवायचं. कुजबुजसुद्धा वाईट दिसायची. खरोखरच तोंडाने बोलायची वेळ आली, तर दोघांनी उठून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जायचं. तिथे इमारत गरम ठेवणारा एक जुना रेडिएटर सतत फुसफुसत असायचा, त्याच्या आवाजात बोलणं बुडून जायचं. लग्न मोडल्याच्या, नोकरी सोडल्याच्या, कॅन्सर निघाल्याच्या बातम्या त्याच टप्प्यावर सांगितल्या गेल्या होत्या. आणि पानाच्या तळाशी अर्थाविना टाकलेल्या शब्दांच्या यादीला या लोकांनी आपसांत नाव ठेवलं होतं, तळघर. "सेमी-खारट? टाक तळघरात." असं चिठ्ठ्यांवरून चालायचं.

त्या हिवाळ्यात विनीचं मन कामात नव्हतं, असं म्हणता येणार नाही. उलट काम हीच तिला बसायला मिळणारी एक जागा होती. दमणूक घरी होती.

तिचा नवरा आर्मंड याच गावच्या गिरणीत बॉयलर सांभाळायचा. गिरणी बंद पडल्यावर शाळेची इमारत उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या सांभाळू लागला. ऑक्टोबरात, थंडीवारा अडवणारी जादा दारं बसवताना, तो शिडीवरून उतरला, अंगणात खाली बसला आणि उठला नाही. मेंदूच्या उजव्या भागात रक्त साकळलं होतं. डावा हात गेला. डावा पाय काठीच्या आधाराने थोडाफार परत आला. डॉक्टरांनी त्याला हेमीप्लेजिया म्हटलं, म्हणजे अर्धांगवायू. विनीच्या मनात आधी आलं ते हे, की हे 'हेमी' ग्रीक आहे. मग तिची तिलाच लाज वाटली. इंग्रजीला अर्धं तीन दारांतून मिळालंय. लॅटिनचं सेमी, ग्रीकचं हेमी, फ्रेंचचं डेमी. ऑफिसात त्यावर जुना विनोद होता, की घरात तीन अर्धी आहेत आणि तरी एक पूर्ण होत नाही.

हातापायाचं एकवेळ ठीक होतं. पण आर्मंडचं आणखी काहीतरी गेलं होतं. त्याच्या जगातली डावी बाजूच नाहीशी झाली होती. डोळे चांगले होते. डॉक्टरांनी तसं तपासून सांगितलं होतं. पण डावीकडे काही असतं, हेच त्याच्या ध्यानीमनी यायचं नाही. दाढी करायचा ती उजव्या गालाची, आणि पूर्ण झाली म्हणून आरशाकडे बघून मान हलवायचा. वर्तमानपत्राच्या मथळ्याची मागली निम्मी बाजू वाचायचा आणि "काय हल्ली लिहितात, शेंडा ना बुडखा," म्हणून कावायचा. आणि जेवताना ताटातलं फक्त उजवीकडचं खायचा.

"आज पण एवढंसंच?" तो म्हणायचा. "अगं बाई, मी काय चिमणी आहे?"

सुरुवातीला विनी त्याला समजावून सांगायची. "आर्मंड, ताटातच आहे बघ. डावीकडे बघ." तो बघायचा, म्हणजे बघितल्यासारखं करायचा, आणि चिडायचा. "तू मला वेड्यात काढतेस काय? ताट रिकामं आहे आणि तू म्हणतेस भरलेलं आहे!" एकदा त्यावरून इतकं वाजलं, की तो दिवसभर बोलला नाही. तेव्हापासून ती नुसती उठायची आणि ताट अर्धं फिरवायची. डावीकडचं उजवीकडे यायचं.

"हं, आता कसं! कुठे लपवलं होतंस?"

"ओव्हनमध्ये गरम होत होतं."

"मग आधी सांगायचं की. उगाच माणसाचा जीव टांगणीला."

फेब्रुवारीत त्याने स्वतःसाठी कॉफी करायला घेतली. भांडं उजव्या शेगडीवर ठेवलं, आणि उजव्या कडेच्या बटणांतलं फिरवलं ते डावीचं, जिच्यावर भांडी पुसायचं फडकं पडलं होतं. शेजारच्या बाईला वास आला म्हणून निभावलं. विनीला नोकरी सोडता येत नव्हती. दोघांचा आजारपणाचा विमा त्याच नोकरीवर होता. दिवसा काही तास येणारी परिचारिका मार्चअखेर बंद होणार होती. मग उरले दोन रस्ते. एक, काउंटीचं सरकारी शुश्रूषागृह. तिथे म्हातारी माणसं कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांना ट्रे अडकवून ओळीने बसवलेली असायची. आर्मंडने एकदा ते बघितलं होतं. तो म्हणाला, "तिथे नेलंस तर मी चालत परत येईन. एका पायाने येईन, पण येईन."

दुसरा रस्ता म्हणजे नदीपलीकडचं बर्च हिल. तिथे प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, स्वतःचा रेडिओ. एक खोली रिकामी झाली होती आणि शुक्रवारपर्यंत ते ती विनीसाठी धरून ठेवणार होते. पण तिथे निभावलं नाही, माणूस पडला-झडला, वाळत चालला, तर ते त्याला काउंटीच्या घरात हलवायचे. आणि तिथून परत कुणी येत नसे. म्हणजे बर्च हिलला आर्मंडचं निभेल का, एवढाच प्रश्न होता. उत्तरासाठी विनीकडे त्यांचं एक पत्रक होतं, आणि पत्रकात एक शब्द होता. 'सेमी-इंडिपेंडंट' राहणी. अर्धस्वतंत्र.

तिने फोन लावला. तिथल्या व्यवस्थापक बेव्हर्ली ऑस्ट्रँडर बोलायला बऱ्या होत्या.

"अर्धस्वतंत्र म्हणजे नक्की काय हो?" विनीने विचारलं.

"नावातच आहे की, मिसेस पेल्की. जे जमतं ते त्यांचं त्यांनी करायचं. जमत नाही तिथे आम्ही आहोत."

"काय जमतं आणि काय नाही, हे कोण ठरवतं?"

"अहो, ते कळतंच ना आपोआप."

विनीने फोन ठेवला. कळतंच आपोआप. सव्वीस वर्षं ती याच एका वाक्याच्या जोरावर शब्दांना तळघरात पाठवत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होती.

तिने दोन दिवसांत आणखी दोनदा फोन केला. प्रश्न तोच, उत्तरही तेच, फक्त बेव्हर्लीबाईंच्या आवाजातला गोडवा दर खेपेला जरा कमी.

आणि त्याच आठवड्यात खोक्यातून तोच शब्द तिच्या हाताला लागला. त्यात नवल काही नव्हतं. सेमीच्या शब्दांचं खोकं तिच्याच टेबलावर होतं आणि ती 'आय'पर्यंत आली होती. तरी तिने त्या चिठ्ठ्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढल्या. तिने त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. एका चिठ्ठीत कुठला तरी दूरचा प्रांत अर्धस्वतंत्र होता. त्याचा राजा त्याचा, पण तोफा दुसऱ्याच्या. एका चिठ्ठीत मांजर अर्धस्वतंत्र होतं. एकीत कॉलेजच्या पोरांचं वसतिगृह. दोन चिठ्ठ्या तर बर्च हिलसारख्याच घरांच्या पत्रकांतल्या होत्या. पाची ठिकाणी शब्द एकच होता. पण मांजराचं अर्धं मांजर ठरवत होतं, प्रांताचं अर्धं तोफावाला ठरवत होता, आणि म्हाताऱ्यांचं कोण ठरवत होतं ते पत्रकात लिहिलेलंच नव्हतं.

तिने चिठ्ठ्यांना रबर लावलं आणि 'अर्थ द्यायचा'च्या गठ्ठ्यात ठेवल्या.

दुपारी तिच्या ट्रेमध्ये हॉलिस ट्रास्कची चिठ्ठी आली. ट्रास्क मुख्य संपादक. उंच, वाकलेला, स्वेटरवर कायम कशाचा तरी चुरा, तोंडात खोकल्याची गोळी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "हा वर कशाला?" तिने खाली लिहिलं, "जिन्यात."

रेडिएटर फुसफुसत होता.

"मिसेस पेल्की, एस हाताबाहेर गेलंय," ट्रास्क म्हणाला. "एक ओळ आत घ्यायची तर एक ओळ बाहेर काढावी लागते. तुम्ही आत कुणाला घेताय, तर सेमी-इंडिपेंडंटला? अर्धं उघड आहे. स्वतंत्र उघड आहे."

"कुणी मोजलेलं अर्धं?"

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धं कुणी करायचं? कुठून कापायचं? ते शब्दात नाही."

ट्रास्कने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली. "आर्मंड कसा आहे?"

"मी शब्दाबद्दल बोलतेय."

"हो का? मला वाटलं, आर्मंडबद्दल." तो हे टोचून म्हणाला नाही. त्याचीही झोप झालेली दिसत नव्हती. "बरं. दोन ओळी द्या. सगळ्या चिठ्ठ्यांना लागू पडतील अशा दोन ओळी. शुक्रवारी पान छपाईला जातंय. जमल्या तर मी त्याला तळघरातून वर काढतो. नाही जमल्या, तर राहू दे तिथे सेमी-हॉस्टाइलच्या खाली. त्याला तिथे कंपनी चांगली आहे."

विनीने दोन ओळी जमवायला घेतल्या. 'काही कामं स्वतः आणि काही दुसऱ्याच्या मदतीने करणारा' हे प्रांताला लागेना. 'दुसऱ्याच्या अमलाखाली असूनही काही बाबतींत मोकळा' हे मांजराला लावलं तर मांजर हसलं असतं. 'काही अंशी स्वतंत्र' लिहिलं, तर ते अर्थ सांगणं नव्हतं, तोच शब्द उलटा घालून दाखवणं होतं. बुधवार संपला. कचऱ्याच्या टोपलीत चिठ्ठ्यांचा ढीग झाला. घरी गेल्यावर तिने ताट फिरवलं, डाव्या गालाची दाढी करून दिली आणि बूट न काढता पलंगावर आडवी झाली.

गुरुवारी बर्च हिलने दोघांना दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. जागा बघून जा, म्हणाले. विनीने अर्ध्या दिवसाची रजा काढली.

अमेरिकेत गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. पूर्वी गाडी आर्मंड चालवायचा आणि विनी त्याच्या उजव्या हाताला बसायची. आता ती चालवत होती आणि तो शेजारी. म्हणजे ती त्याच्या डावीकडे होती. म्हणजे, त्याच्या हिशोबाने, कुठेच नव्हती. ती बोलली की तो उत्तर द्यायचा, पण उजवीकडच्या खिडकीकडे तोंड करून. जणू ती बाहेर, रस्त्याकडेच्या मळक्या बर्फातून गाडीबरोबर चालतेय.

"ड्रायव्हर, जरा दमानं," तो काचेला म्हणाला. "मला पोचायची घाई नाही."

"मी हळूच चालवतेय."

"मग चिखल जोरात पळतोय."

विनी हसली नाही. तो चेष्टा करत होता, की त्याला खरंच कुणी परका ड्रायव्हर वाटत होता, हे तिला कळायचं नाही. आर्मंड आयुष्यभर असंच बोलत आला होता. त्यामुळे आजार कुठे संपतो आणि आर्मंड कुठे सुरू होतो, ते सापडत नव्हतं.

बर्च हिलची खोली चांगली होती. उजवीकडे खिडकी, खिडकीत नदी. जेवणघरात चौघाचौघांची टेबलं. बेव्हर्ली ऑस्ट्रँडर पांढऱ्या रबरी बुटांतली भक्कम बाई निघाली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आर्मंडला खुर्ची ओढून दिली, पण बसवलं नाही. त्याचा तोच बसला. विनीने ते मनात टिपून ठेवलं.

ताट आलं. उजवीकडे कुस्करलेला बटाटा आणि मटार, डावीकडे मीटलोफचे, म्हणजे भाजलेल्या खिम्याच्या लादीचे, दोन जाड तुकडे, वरून ग्रेव्ही. विनी त्याच्या समोर बसली होती. तिने ठरवून दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली, लहान मुलं बसतात तशी. आज ताट फिरवायचं नाही. आपण नसताना इथे काय होणार आहे, ते आज बघायचंच.

आर्मंडने बटाटा संपवला. मटार एकेक करून टिपले. काटा खाली ठेवला.

"आज शुक्रवार आहे काय गं?"

"गुरुवार."

"मग मांस कुठाय? ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस नाही हे कबूल, पण गुरुवारपासूनच? हे लोक पोपपेक्षा कडक दिसतात."

टेबलावरचे दोघे म्हातारे हसले. एकाने त्याच्या ताटाकडे बघितलं, मग विनीकडे बघितलं, आणि नजर आपल्या ताटात घातली. विनीचे हात मांडीखाली बधिर झाले होते.

वाढणारी बाई ताटं गोळा करत आली. "झालं का, मिस्टर पेल्की?"

"होतं तेवढं झालं."

तिने मीटलोफकडे नजर टाकली. "भूक कमी दिसते यांची," ती विनीला म्हणाली, आणि ताट उचलून घेऊन गेली.

विनी उठली. तिने बेव्हर्लीबाईंना बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"मिसेस ऑस्ट्रँडर, मला एकदा स्पष्ट सांगा. तुमच्या पत्रकातल्या अर्धस्वतंत्र या शब्दाचा..."

"अहो, थांबा." बेव्हर्लीबाईंनी हात वर केला. "या आठवड्यात तुम्ही मला चौथ्यांदा त्या शब्दाचा अर्थ विचारताय. तो शब्द काय मी शोधलाय? पत्रक छापणाऱ्या माणसाने टाकला. आधी आम्ही सेमी-केअर लिहायचो. लोक म्हणायला लागले, म्हणजे तुम्ही अर्धीच काळजी घेता? म्हणून बदलला. मला विचाराल तर मी त्या शब्दाकडे ढुंकूनही बघत नाही."

"पण मग..."

"तुमच्या नवऱ्याला काय लागतं ते सांगा ना. तीन फोन झाले, आज जेवण झालं. ते एकदाही तुमच्या तोंडून आलं नाही."

विनीने तिन्ही फोन मनात पुन्हा आठवून पाहिले. आणि तिच्या लक्षात आलं, की खरंच नाही आलं. आठवडाभर ती एका शब्दाच्या मागे लागली होती, शब्दाची सोय नीट लावली की माणसाची आपोआप लागेल असं धरून. तिच्या ऑफिसातल्या कुणीही हेच केलं असतं.

तिने पर्स उघडली. पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्या कायमच असायच्या. भिंतीला टेकून तिने लिहिलं. 'झालं असं म्हणाला की ताट अर्धं फिरवावं. फिरवल्याचं त्याला सांगू नये.' बरोबर दोन ओळी झाल्या.

बेव्हर्लीबाईंनी ओठ हलवत वाचलं. "हा काय, अर्थ आहे की हुकूम?"

"दोन्ही नाही. त्याला एवढं लागतं."

"एवढंच?" त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. "म्हणजे तो मीटलोफ... अरे देवा. मला काय वाटलं, आमची ग्रेव्ही आवडली नाही." त्यांनी चिठ्ठी किल्ल्यांच्या जुडग्यात खोचली. "हे आम्ही करू. वाढणाऱ्या दोघी आहेत, दोघींना सांगते. आणखी?"

"पलंग. त्याच्या डाव्या अंगाला भिंत आली पाहिजे. तो त्या बाजूने पडतो."

"फिरवून घेऊ. आणखी?"

"दाढी. डाव्या गालाची."

"ते नाही सांगू शकत मी. न्हावी पंधरवड्याने येतो. मध्ये राहील अर्धी तर राहील. इथे कुणी हसणार नाही, एवढं सांगते."

विनीने मान हलवली. "आणि मला शोधायला लागला तर?"

बेव्हर्लीबाईंनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला सारखा केला. "त्याला आमच्याकडे इलाज नाही, मिसेस पेल्की," त्या म्हणाल्या. "कुणाकडेच नसतो. तुम्ही येत जा."

शुक्रवारी सकाळी विनीने बर्च हिलला होकार कळवला. मग ऑफिसात जाऊन रबर लावलेल्या त्या चिठ्ठ्या 'अर्थ द्यायचा'च्या गठ्ठ्यातून काढल्या आणि तळघराच्या गठ्ठ्यात ठेवल्या. ट्रास्कच्या ट्रेमध्ये एक ओळ टाकली, "सगळ्यांना लागू पडेल असं काही जमलं नाही. एका माणसापुरतं जमलं." उत्तर म्हणून जेवणानंतर तिच्या ट्रेमध्ये खोकल्याची एक गोळी आली, कागदात गुंडाळलेली. तिने ती तोंडात टाकली आणि पुढची चिठ्ठी उचलली. सेमी-इंडस्ट्रियल. टाक तळघरात. बाहेर पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होतं, आणि एसची निम्मीअधिक खोकी अजून भिंतीशी रचलेली होती.

रविवारी, चर्च सुटल्यावर, ती आर्मंडला पोचवायला निघाली. मागच्या सीटवर त्याची सुटकेस, रेडिओ आणि तिने सकाळी मांसाचं सारण भरून भाजलेला 'मीट पाय'. त्याच्या आजीचा हा पदार्थ. त्याच्या फ्रेंच वळणाच्या घरातून आलेली तीच एक गोष्ट तिला धड जमायची. आर्मंडने टाय बांधला होता. दाढी दोन्ही गालांची होती. ती तिने करून दिली होती.

पुलापाशी रांग लागली होती. वायपर काचेवरून फिरत होते. विनीला वाटलं, आता इथेच, स्टिअरिंगवर डोकं टेकावं आणि मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत उठूच नये.

"खोलीतून नदी दिसते," आर्मंड खिडकीला म्हणाला.

"हो."

"तू कधी येणार?"

"बुधवारी. आणि रविवारी."

"रोज नको येऊस." त्याने काचेवरची वाफ उजव्या हाताने पुसली. बाहेर कठडा होता, कठड्यापलीकडे मातकट पाणी. तो त्या पाण्याकडे बघत अगदी हळू, चेष्टेचा सूर बाजूला ठेवून म्हणाला, "फार दमलीस गं तू. तोंड बघ केवढंसं झालंय."

पुढची गाडी हलली. विनीने पाय ब्रेकवरून उचलला नाही. ती त्याच्या डावीकडे बसली होती, जिथे त्याला ताटातलं मांस दिसत नव्हतं, पेटलेली शेगडी दिसली नव्हती, स्वतःचा गाल दिसत नव्हता. त्याने तिच्याकडे मान वळवलीही नव्हती. मागच्या गाडीने हॉर्न दिला. बुधवारी गेल्यावर त्याला विचारायचंच, असं तिने ठरवलं, विचारायचा धीर झाला तर. आर्मंड, मी बसले होते त्या बाजूला तुझ्या लेखी कुणीच नसतं, तर मग दमलेलं तोंड तुला दिसलं कुणाचं?